पेपरातली कुठली जागा कोणाच्या पैशाची

दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या बाजूच्या गल्लीत आमचा आठ बाय दहाचा गाळा आहे. बाहेर पाटी आहे, 'येथे सर्व दैनिकांच्या छोट्या जाहिराती स्वीकारल्या जातात'. बाबांनी तो सुरू केला, गेली तेवीस वर्षं मी सांभाळते. दिवसभर माणसं हातात कागद घेऊन येतात. कुणाला खोली भाड्याने द्यायची असते, कुणाला नावातला बदल जाहीर करायचा असतो, कुणाचं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट गहाळ झालेलं असतं, कुणाचे वडील गेलेले असतात. मजकूर लिहून झाला, शब्द मोजून झाले, की त्यातला एखादा टेबलावरचा पेपर उचलतो आणि विचारतो, "ताई, यात बातमी कुठे आहे हो?"

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका काकांनी माझ्यासमोर पानं उलटून दाखवली. पहिलं पान अख्खं बिल्डरचं. त्याच्या पाठीमागे तोच बिल्डर. तिसऱ्यावर मोबाइल, चौथ्यावर सराफ. मुख्य बातमी पाचव्या पानावर. "पैसे मी बातमीचे देतो ना?" काका म्हणाले. त्यांचा राग खरा होता आणि प्रश्नही नेमका होता. पण त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. आपण पेपराचे म्हणून जे पैसे देतो, त्यात बातमीचे जवळजवळ नसतातच. हे एकदा समजलं की पेपर हातात धरायची पद्धत बदलते, म्हणून जे मला धंद्यात राहून कळलं ते इथे मांडते.

आधी वजनाचा हिशेब करू. पेपरासाठी वापरतात तो न्यूजप्रिंट कागद एका चौरस मीटरला साधारण ४२ ते ४५ ग्रॅम भरतो. एक पान अंदाजे ३५ बाय ५५ सेंटिमीटरचं. सोळा पानांचा अंक म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले आठ कागद. गुणाकार केलात तर एक अंक सत्तर ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे किलोत चौदा अंक. न्यूजप्रिंट किलोला पन्नास रुपये धरला तर नुसता कागदच साडेतीन रुपयांचा झाला. अजून शाई नाही, प्लेट नाही, छपाईचं मशीन नाही. रात्री दोन-तीनला सुटणारा टेम्पो नाही. पहाटे चारला स्टेशनबाहेर फुटपाथवर बसून पुरवण्या अंकात घालणारा आणि सहाच्या आत तुमच्या दारात टाकणारा विक्रेता नाही, आणि त्याचं कमिशन अंकाच्या किमतीतूनच जातं. वार्ताहर, उपसंपादक, छायाचित्रकार यांचे पगार तर यात कुठेच आलेले नाहीत. स्टॉलवर अंक मिळतो पाच-सात रुपयांना. कमिशन जाऊन जे उरतं त्यात जेमतेम कागद सुटतो. बाकी सगळं जाहिरातदार देतो.

मुंबईत हे फार जुनं आहे. १ जुलै १८२२ ला फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेला गुजराती 'मुंबई समाचार' आजही निघतो. सुरुवातीला त्याचा वाचक होता व्यापारी, आणि त्याला हवी असायची जहाजांची ये-जा आणि मालाचे भाव. ज्याला माहितीतून धंदा दिसतो तो पेपराला जगवतो. याउलट बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण'. ६ जानेवारी १८३२ ला ते निघालं, त्या तारखेला आपण पत्रकार दिन पाळतो. ते वाचकाला शहाणं करायला निघालेलं होतं, आणि साडेआठ वर्षांत बंद पडलं.

या हिशेबावर एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात भांडण झालं आणि ते एका मराठी पेपराने केलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. १९५६ मध्ये दैनिकांची किंमत आणि पानं यांचा मेळ सरकारने ठरवावा असा कायदा झाला. १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला: इतकी किंमत असेल तर इतकीच पानं. जाहिरातीच्या जागेवर मर्यादा घालण्याची तरतूदही कायद्यात होती. मोठ्या भांडवलाच्या पेपरांनी कमी किमतीत ढीगभर पानं देऊन छोट्यांना बुडवू नये, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पुण्याचा 'सकाळ' न्यायालयात गेला. तेव्हा सकाळ सात नव्या पैशांना मिळायचा. पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, म्हणजे रविवार सोडून आठवड्याची ३४ पानं. आदेशाप्रमाणे सात पैशांत २४ पानंच बसत होती. अंकातली सुमारे ४० टक्के जागा तेव्हाही जाहिरातींचीच होती. १९६१ च्या निकालात न्यायालयाने हे सरकारी बंधन रद्द केलं. त्यामागचा विचार कुणालाही कळेल इतका सरळ आहे: जाहिरातीची जागा कापली तर अंकाची किंमत वाढणार, किंमत वाढली की खप घसरणार, खप घसरला की म्हणणं कमी लोकांपर्यंत पोचणार. तेव्हा जाहिरातीवरची मर्यादा ही फिरून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचीच मर्यादा होते.

म्हणून काकांना मी जाहिरातीच्या विरुद्ध बोलले नाही. जाहिरात नसती तर तोच अंक त्यांना कितीतरी महाग पडला असता आणि त्यांच्या चाळीत चार घरांत येतो तो एकाही घरात आला नसता. प्रश्न वेगळा आहे. ही जागा विकली गेली आहे हे तुम्हाला पानावर दिसतं की नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

जागा विकली जाते ती चौरस सेंटिमीटरने. पूर्ण पान साधारण ३३ बाय ५२ सेंटिमीटर, म्हणजे सतराशे चौरस सेंटिमीटर आणि वर थोडं. समजा एखाद्या दैनिकाचा दर चौरस सेंटिमीटरला हजार रुपये आहे, तर पूर्ण पान सतरा लाखांचं. पहिलं पान हवं तर दर वाढतो, रंगीत हवं तर वाढतो, उजव्या हाताचं पान मागितलं तरी वाढतो. पेपराच्या नावाच्या दोन्ही बाजूंच्या चौकोनांना आमच्याकडे 'कान' म्हणतात, त्यांचा भाव वेगळा. काकांनी जी उलटून दाखवली ती एकावर एक चढवलेली दोन 'जॅकेट'. जॅकेट म्हणजे अंकाभोवती गुंडाळलेली जादा चार पानं, दोन पुढे आणि दोन मागे. ती आली म्हणून आतली बातमी कमी होतेच असं नाही. जॅकेटवाल्याने आपला कागद आपल्या पैशाने आणलेला असतो. दर ठरतो खपावर, आणि खपाची तपासणी करायला १९४८ पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था आहे, तिचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. मालकाला तुमच्यासारखे वाचक हवे असतात ते या आकड्यासाठी. वाचक बातमीसाठी पेपर घेतो, आणि वाचकांचा तो आकडा जाहिरातदाराला विकला जातो.

खरी ओढाताण जॅकेटच्या आतल्या पानांवर होते. पान लावायला घेतात तेव्हा डेस्कवर आधी 'डमी' येते. डमी म्हणजे पानाचा कोरा नकाशा, त्यात जाहिरातींचे चौकोन अगोदरच आखलेले असतात. उरलेल्या पांढऱ्या जागेत बातमी बसवायची. मी पहिल्यांदा डमी पाहिली तेव्हा मला वाटलं, जाहिराती कोपऱ्यात असतील. त्या पानाच्या तळापासून अर्ध्याहून वर चढलेल्या होत्या.

एक प्रसंग माझ्याच हातून घडलेला आहे. सात-आठ वर्षांपूर्वी संध्याकाळी साडेसातला एक गृहस्थ धावत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं, पाव पानाची जाहिरात हवी होती आणि वेळ टळून गेलेली होती. मी चार फोन केले, ओळख वापरली, आठ वाजता जाहिरात घेतली गेली. मला कमिशन मिळालं, ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या इमारतीची टाकी कोरडी. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी परिसरात पाणी बंद होतं. तळमजल्यावरच्या आजी दोन कळशा घेऊन नाक्यापर्यंत गेल्या. पेपरात काहीच नव्हतं, म्हणून मी डेस्कवरच्या ओळखीच्या एका उपसंपादकाला विचारलं. तो म्हणाला, "बातमी होती हो. पाच नंबर पानावर तळाला लावली होती. आठ वाजता तिथे पाव पान जाहिरात आली, मग ती काढली." ती जाहिरात माझी होती. त्या दिवसापासून उशिराची जाहिरात घ्यायच्या आधी मी विचारते, कुठलं पान उघडताय.

हे सगळं उघड आहे. चौकट दिसते, दुकानाचं नाव दिसतं, वाचकाला कळतं की इथे पैसे दिलेत. न कळणारी जागा त्याच्या पुढे सुरू होते.

तिची पहिली पायरी पुरवणी. मनोरंजनाच्या इंग्रजी पुरवणीत, 'बॉम्बे टाइम्स'सारख्या, नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा जाहिरातवजा, मनोरंजनाचा प्रसिद्धीपर मजकूर आहे. २००३ मध्ये टाइम्स समूहाने 'मीडियानेट' नावाने अशा मजकुराची विक्री रीतसर सुरू केली. मराठी पेपरांत मालमत्ता, शिक्षण, आरोग्य यांच्या विशेष पुरवण्या येतात. त्यात लेखाखाली डॉक्टरांचा फोटो असतो आणि समोरच्या पानावर त्यांच्याच हॉस्पिटलची जाहिरात. कुठेतरी कोपऱ्यात 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' लिहिलेलं असेल, तर निदान सांगितलं तरी म्हणता येतं. भिंग लावून का होईना, शोधा तो शब्द.

दुसरी पायरी याहून खोल. कंपनीने जाहिरातीचे पैसे रोख न देता आपले शेअर पेपराच्या मालकाला द्यायचे. याला 'प्रायव्हेट ट्रीटी' म्हणतात. आता त्या कंपनीचं भलं झालं तर पेपराचंही भलं. मग तिच्या तोट्याची बातमी कोण देणार? शेअर बाजाराची देखरेख करणाऱ्या सेबीने हा मुद्दा वृत्तपत्रांच्या आचारावर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे नेला, आणि २०१० पासून असं हितसंबंधाचं नातं बातमीसोबत जाहीर करणं माध्यमांवर बंधनकारक आहे. तुमची पुंजी एखाद्या शेअरमध्ये असेल तर त्या कंपनीचं कौतुक वाचताना खालची तिरप्या अक्षरांतली ओळ आधी वाचा.

तिसरी पायरी निवडणुकीची, आणि ती मला सर्वांत वाईट वाटते. तिला सरळ 'पॅकेज' म्हणतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात वेगवेगळ्या दैनिकांत, वेगवेगळ्या नावांखाली, शब्दन् शब्द एकच मजकूर छापून आलेला सापडला. उमेदवाराची स्तुती, वर 'प्रतिनिधी' लिहिलेलं, आणि जाहिरात म्हणून कुठेच उल्लेख नाही. प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली, तिने २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला. निवडणूक आयोगाने जिल्हा आणि राज्य पातळीवर माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समित्या बसवल्या. आज उमेदवाराविषयीचा मजकूर पैसे देऊन छापलेला आहे असा संशय आला तर ही समिती तो तपासते आणि तो खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जाऊ शकतो. तक्रार सामान्य मतदारही करू शकतो.

ओळखायचं कसं, असं मला गाळ्यात बसून अनेकांनी विचारलंय. मी जे बघते ते सांगते. खऱ्या बातमीत निदान एक माणूस नाखूश असतो. रस्ता झाला तर कुणाचं दुकान गेलेलं असतं, नवीन टॉवर आला तर कुणीतरी संक्रमण शिबिरात बसलेलं असतं. विकलेल्या मजकुरात सगळेच समाधानी असतात आणि शेवटी फोन नंबर किंवा पत्ता असतो. खऱ्या बातमीतला फोटो घाईचा असतो, विकलेल्यातला स्टुडिओतला. आणि शंका आलीच तर दुसरा पेपर उघडा. तोच परिच्छेद तसाच्या तसा भेटला, की समजा तो एकाच ठिकाणाहून आलेला आहे.

सरकारही जाहिरातदारच आहे, आणि मोठा. राज्याच्या जाहिराती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत जातात. छोट्या दैनिकाचा महिना त्यांवर उभा असतो. ज्याच्या जाहिरातीवर कागदाचं बिल भागतं त्याच्याविरुद्ध लिहायला धाडस लागतं, आणि असं धाडस करणारे संपादक मी पाहिले आहेत, त्यांची बिलं थकलेलीही पाहिली आहेत. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो असावेत. २०१६ मध्ये त्यात मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांनाही मुभा मिळाली. पानभर चेहरे दिसतात त्याचा इतिहास एवढा आहे.

आता घराच्या जाहिराती, कारण मुंबईच्या पेपराचा कणा त्याच आहेत. स्टेशन किती मिनिटांवर आहे ते घड्याळ लावून स्वतः चालून बघा. जाहिरातीत मात्र दोन गोष्टी असायलाच हव्यात: महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडसुद्धा. तो मोबाइलने स्कॅन केला की महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं पान उघडतं. मंजुऱ्या कुठल्या मिळाल्या, ताबा कधी देणार, प्रकल्पावर खटले आहेत का, हे तिथे असतं. जाहिरातीत पोहण्याचा तलाव मोठा दिसतो. ताब्याची तारीख फक्त तिथे दिसते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत त्याची अट-सूट छापली पाहिजे. वर ठळक मराठीत 'व्याजमुक्त' आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हे नियमाला धरून नाही.

पण माझं सगळ्यात जास्त जीव तोडून सांगणं आहे ते त्या पानांबद्दल जी कुणी वाचत नाही. 'जाहीर सूचना', 'ताबा सूचना', 'टेंडर नोटीस'. बारीक टाइप, वकिली मराठी, मध्येच चतुःसीमा. ही जाहिरातच आहे, पैसे देऊनच छापलेली. तरीही तुमच्या घराबद्दलची सर्वांत महत्त्वाची बातमी बहुतेक वेळा इथेच येते.

माझ्या मावशीची लालबागला चाळीत खोली आहे. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यावर ती एकटीच राहत होती. काकांच्या घरातल्या एका नातेवाइकाने वकिलामार्फत नोटीस दिली की खोलीवर आपला हक्क आहे, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत पुराव्यासह कळवावी, 'अन्यथा असा हक्क सोडून दिला आहे असे समजण्यात येईल'. एक इंग्रजी पेपर, एक मराठी. दोन्ही त्या चाळीत कुणाकडेच येत नव्हते. बाराव्या दिवशी दुपारी दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गिरणी कामगार जिने चढून मावशीच्या दारात आले. ते रोज वाचनालयात जातात आणि पेपर शेवटच्या पानापासून मागे वाचतात, आधी नोटिसा आणि मग बातम्या. कागदाच्या तुकड्यावर त्यांनी सगळी नोटीस पेन्सिलने उतरवून आणली होती, वकिलाच्या पत्त्यासकट. मावशीने मला फोन केला. तेराव्या दिवशी आम्ही रेशनकार्ड, भाड्याच्या पावत्या आणि काकांचा मृत्यू दाखला जोडून हरकत रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि एक प्रत हातोहात देऊन पोच घेतली. मावशी आजही त्याच खोलीत आहे.

इथे एक गैरसमज दूर करते. मुदत उलटली म्हणून हक्क आपोआप बुडत नाही, नोटिशीतलं ते वाक्य कायद्याहून मोठं नाही. पण तोवर व्यवहार पुढे सरकतो, घेणारा 'मी तर जाहीर नोटीस दिली होती' असं म्हणायला मोकळा होतो, आणि मग तुमच्या हाती कोर्टाच्या तारखा उरतात. चौदा दिवसांतलं एक पत्र त्यापेक्षा फार स्वस्त.

बँकेचं कर्ज थकलं की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली आधी साठ दिवसांची मागणी नोटीस जाते. मग ताबा घेतला की सात दिवसांच्या आत त्याची सूचना दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तुम्ही फ्लॅट घेत असाल तर त्या इमारतीचं नाव या सूचनांत आलंय का ते बघणं हा फुकटचा तपास आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनाही तिमाही निकालांची जाहिरात एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकात द्यावी लागते. ज्यांचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, त्यांच्यासाठी प्रादेशिक भाषा मराठी. स्टॉलवर सहसा दिसत नाहीत अशी काही मराठी दैनिकं जगतात ती या नोटिसांवर. नोटीस देणाऱ्याला तिथला दर स्वस्त पडतो आणि नियमही पाळला जातो. मराठी वाचकाला कळावं म्हणून कायद्याने मराठीची सक्ती केली, आणि नोटीस मराठी वाचकाच्या नजरेला पडत नाही अशा जागी जाते. हे मला रोज दिसतं आणि रोज खुपतं. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, सगळ्यात कमी खपाचा मराठी पेपर कुठला?" मी सांगत नाही. इतर ठिकाणी त्यांना सांगणारे भेटतात, हेही मला माहीत आहे.

मैदानांचंही तसंच. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल, म्हणजे समजा खेळाच्या मैदानाचं पार्किंग करायचं असेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे राजपत्रात आणि इतर मार्गाने सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी मुदत एक महिन्याची. भूखंडाचा नुसता सी.एस. किंवा सी.टी.एस. क्रमांक, म्हणजे सरकारी भूमापनातला क्रमांक, छापलेला असतो. 'आपल्या शाळेमागचं मैदान' असं कुणी लिहीत नाही. तेव्हा आपल्या मैदानाचा सी.टी.एस. क्रमांक आजच एकदा माहीत करून घ्या. तो भूमी अभिलेखाच्या नोंदींत आणि मिळकतपत्रिकेवर असतो.

मग वॉर्डाच्या बातमीचे पैसे कोण देतं? कुणीच नाही, आणि मुंबईचं मोठं दुखणं हेच आहे. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. या पैशावर नजर ठेवणारे पालिकेच्या बातम्या पाहणारे वार्ताहर थोडे आणि दरवर्षी आणखी थोडे. २००५ मध्ये तीन महिन्यांच्या आत मुंबईत तीन इंग्रजी दैनिकं निघाली: मुंबई मिरर, हिंदुस्तान टाइम्सची मुंबई आवृत्ती आणि डीएनए. जाहिरातींचा पैसा वाढत होता, तेव्हा गल्लीबोळातल्या बातमीसाठी माणसं नेमली गेली. डीएनएची मुंबईतली छपाई ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबली, मिररचा रोजचा अंक करोनाच्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये बंद झाला. मराठीत पेपर टिकले, पण पानं आणि माणसं दोन्ही आटली. गटार तुंबल्याच्या बातमीशेजारी जाहिरात लावायला कुणी उत्सुक नसतं.

१३ मे २०२४ ला संध्याकाळी घाटकोपरला छेडा नगरजवळ वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. सतरा माणसं गेली. कुणी पेट्रोल भरायला थांबलं होतं, कुणी वाऱ्या-पावसापासून आडोशाला. होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. म्हणजे क्षेत्रफळात नऊपट. जागा रेल्वे पोलिसांची, म्हणून परवानगी कुणाची लागते यावर वाद. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांनी पानंच्या पानं दिली, आणि ती चांगली होती. पण तो सांगाडा पूर्व द्रुतगती मार्गावरून रोज लाखो लोकांना दिसत होता. कुणी वार्ताहर मोजपट्टी आणि पालिकेचा नियम घेऊन आधी तिथे उभा राहायला हवा होता. त्याला चार दिवस लागले असते, आणि त्या चार दिवसांचा पगार देणारं कुणी तरी लागतं. होर्डिंग हा जाहिरातीचाच धंदा, आणि पेपरही जाहिरातीवरच. अशा वेळी त्या वार्ताहराचा पगार वाचकाच्या वर्गणीतून येत असेल तर त्याचा हात मोकळा राहतो.

म्हणून मी स्वतः दोन दैनिकांची वर्षाची वर्गणी भरते, आणि त्यातल्या एकाच्या डिजिटल आवृत्तीचेही पैसे देते. आणि काही चुकलं, एखादी बातमी दिसली नाही, तर शेवटच्या पानाच्या तळाची ओळ बघते. मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचं ठिकाण. बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कायद्याने संपादकाची असते, आणि त्यांचं नाव तिथे रोज छापावंच लागतं. पाणी बंदची ती बातमी काढली गेली तेव्हा मी त्या ओळीतल्या संपादकांना पोस्टकार्ड टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर पाणीबंदीचं पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक चौकटीत आलं.

गिऱ्हाइकांशी मी एक पथ्य पाळते. घरात कुणी गेलं की माणूस घाबरलेला येतो आणि विचारतो, निधनाची बातमी द्यायला किती पडतील? मी सांगते, चार ओळींची निधन वार्ता बहुतेक मराठी पेपर विनामूल्य घेतात, संपादकीय विभागाला पाठवा. फोटोसहित 'भावपूर्ण श्रद्धांजली' हवी असेल तर ती जाहिरात, तिचे पैसे. दोन्हींतला फरक त्या माणसाला सांगणं माझं काम आहे, कमिशन बुडालं तरी.

गाळ्याबाहेर मी एक थर्माकोलचा फळा लावलाय. सकाळी सहा पेपर घेऊन बसते आणि दादर, माहीम, परळ, लालबागच्या नोटिसा कापून त्यावर टाचते. वर लाल पेनने हरकतीची शेवटची तारीख लिहिते आणि जमेल तिथे सी.टी.एस. क्रमांकाच्या शेजारी जागेचं रोजच्या बोलण्यातलं नाव. आज तीन आहेत. एका सोसायटीत दिवंगत सभासदाच्या वारसांसाठी पंधरा दिवसांची सूचना, एक बँकेची ताबा सूचना, आणि एका भूखंडाच्या आरक्षणातला बदल. तिसरीपुढे मघापासून शाळेच्या गणवेशातली दोन मुलं उभी आहेत. त्यातला मोठा धाकट्याला विचारतोय, "हे आपलंच मैदान ना?" मी आतून ओरडून सांगितलं, हो, आपलंच, आणि घरी जाऊन आईला सांग, शेवटची तारीख अठ्ठावीस आहे.